सिनेमा चालू असताना उठलं तरी चालेल

वस्तीतल्या एका ताईंनी नऊ वर्षांच्या लेकाला पहिल्यांदाच टॉकीजला नेलं. पोरगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. दिवे एकदम गेले, जाहिरातीचा आवाज अंगावर आला, तसा तो कान दाबून किंचाळायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "असली पोरं आणता कशाला?" दहाव्या मिनिटाला मायलेक बाहेर. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण ताईंनी त्याला लग्नाबारशालाही नेणं सोडलं.

वॉर्डात ड्युटी करताना आम्हीही अशा मुलांना हट्टी म्हणून मोकळ्या व्हायचो. आमचं चुकलंच. यातल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. काहींना उलट कमी जाणवतो, म्हणून ती सतत हलतात, गोल फिरतात. यात आईच्या वळणाचा दोष नाही, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही.

अशा मुलांसाठी वेगळे खेळ लावता येतात. अमेरिकेत एएमसीच्या थिएटरांनी ऑटिझम सोसायटीबरोबर २००७ पासून ते सुरू केले, ब्रिटनमध्ये डायमेन्शन्स या संस्थेने २०११ पासून. सिनेमा तोच असतो. फक्त दिवे मंद चालू, आवाज कमी, आणि कुणी उठलं, नाचलं, ओरडलं तरी हटकायचं नाही.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. त्याचं कलम २९ करमणुकीत बरोबरीचा वाटा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. टॉकीजवाल्यांकडे असा खेळ मागायलाच हवा.

तोवर आम्ही समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला. आदल्या दिवशी मुलांना रिकामा हॉल दाखवून आणला. नवी जागा अचानक समोर आली की ती बिथरतात. सिनेमा त्यांच्या ओळखीचा घेतला. कोपऱ्यात सतरंजी टाकली. दार उघडं, पण दारात एक कार्यकर्ता बसवलेला, कारण पोरं थेट रस्त्यावर पळतात. ज्यांना फिट येते त्यांच्या आयांना डॉक्टरांना विचारूनच यायला सांगितलं. लखलखत्या उजेडाने काहींना त्रास होतो.

ताईंचा लेक दोनदा बाहेर जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तो पडद्यासमोर उभाच राहिला, डब्यातली चपाती खात. कुणी "खाली बस" म्हटलं नाही.

पंख्याच्या घरघरीने मात्र एक मुलगी रडकुंडीला आली. पुढच्या वेळी खेळ सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून लावणार आहोत.