मोटारीची उतरलेली बॅटरी व हातांत मावणारें यंत्र

अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी हें गांव २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापासून सर्वांस ठाऊक झालें आहे. त्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं तेथें भरलेल्या विराट सभेस गांवोगांवचे लोक मोटारींनीं आले होते. अशा सभेंत किंवा यात्रेंत दिवसभर रानांत उभी राहिलेली मोटार, दिवे चालू राहिले असल्यास, सायंकाळीं जागची हलत नाहीं. तेथें चार माणसें तरी जवळ असतात. परंतु हीच गोष्ट मध्यरात्रीं, घरांत लेंकरूं तापानें फणफणलें असतां घडली तर काय करावें? ह्याची थोडी माहिती आम्ही येथें देत आहों.

मोटारीच्या बॅटरींत सहा घट असतात. प्रत्येकांत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लांत बुडविलेल्या असून त्याचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट होतो. ही युक्ति गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं काढली. वीज खर्च होतांना पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें व अम्ल पातळ होतें. दिव्यांस थोडी वीज पुरते. सेल्फ मारतांना मात्र क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. म्हणूनच दिवे मिणमिणतात, ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो, आणि एंजिन ढिम्म हलत नाहीं.

सेल्फ नव्हता तेव्हां लोखंडी हँडल फिरवावें लागे, व तें उलट फिरल्यास मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग ह्यांनीं योजिलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम आला. पोरांच्या धक्क्यानेंहि मोटार सुरू होते, आणि धक्का मारण्यास पोरें केव्हांहि तयार असतात! परंतु गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारीस हा उपाय चालत नाहीं.

आतां ‘जंप स्टार्टर’ नांवाचें लहानसें यंत्र मिळतें. त्यांत लिथियमचे घट असतात. असे घट घडविणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आधीं मोटारीची किल्ली व सर्व दिवे बंद करावे. लाल चिमटा बॅटरीच्या ‘+’ खुणेच्या टोंकास लावावा. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, एंजिनाच्या रंग नसलेल्या धातूस लावावा. कारण बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो, आणि जवळ ठिणगी उडाल्यास तो भडकतो. यंत्राच्या पुस्तिकेंत निराळी रीत दिली असल्यास तीच पाळावी. मग यंत्र चालू करून पांच सेकंदांहून अधिक न रेटतां सेल्फ मारावा. न लागल्यास मिनिटभर थांबावें. एंजिन सुरू होतांच यंत्र बंद करून प्रथम काळा व मग लाल चिमटा काढावा. लाल-काळ्याची अदलाबदल ही सर्वांत घातक चूक होय.

फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीस हें यंत्र मुळींच लावूं नये. तसेंच बहुतेक मोठ्या ट्रकांची विजेची योजना २४ व्होल्टांची असते; तेथें १२ व्होल्टांचें यंत्र चालत नाहीं.

यंत्र बॅटरी भरून देत नाहीं, तें एंजिन चालू करण्यापुरतेंच आहे. पुढें मोटार निदान अर्धा तास चालवावी, म्हणजे अल्टरनेटर बॅटरींत कांहीं वीज भरतो. पुरती उतरलेली बॅटरी चार्जरवर कित्येक तास ठेवावी लागते. वारंवार उतरूं लागल्यास तपासून घ्यावी. मराठवाड्यांतील उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं, कारण मोटार बंद पडते ती बहुधा थंडीच्या पहाटे.

ह्या यंत्रासहि ऊन सोसत नाहीं. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींत तें ठेवूं नये. घरांत कोनाड्यांत ठेवून दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां भरावें, कारण न वापरतांहि त्यांतील वीज हळूहळू ओसरते.