अंगठा देण्यापूर्वी

आपल्या आजे-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. कागदात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. त्या अंगठ्यापायी कुणाचे शेत गेले, कुणाची भांडीकुंडी गेली. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले आणि घरोघरी मुले शिकली. पण हाती मोबाईल आला आणि अंगठा पुन्हा सुरू झाला! "व्हिडिओला लाईक करा", "मत द्या, आणखी दहा जणांना पाठवा" असे निरोप रोज येतात. आपण न वाचताच अंगठा उमटवून मोकळे होतो.

मत मागणे वाईट नाही. 2012 साली 'आउटलुक' साप्ताहिकाने वाहिन्यांच्या साथीने 'गांधीजींनंतरचे सर्वश्रेष्ठ भारतीय कोण?' असा कौल घेतला. परीक्षक आणि पाहणी यांच्या जोडीला जनतेचे मतही धरले होते. ते इंटरनेटवर किंवा फोनने देता येई. बाबासाहेबांना जवळपास 20 लाख मते पडली आणि 11 ऑगस्टला तेच सर्वश्रेष्ठ ठरले. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण वाचकहो, अखेरच्या त्याच दहा जणांत पंडित नेहरू होते. त्यांना 10 हजारही मते पडली नाहीत. डिसेंबर 1936 मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्ष हेच नेहरू. मग त्यांचे काम 10 हजार मतांएवढेच का? असा आकडा माणसाची उंची मोजत नाही. कोणाच्या माणसांनी तळमळीने मत दिले, एवढेच तो सांगतो. बाबासाहेबांचे मोठेपण महाडच्या तळ्यावर आणि संविधानात आहे. ते त्या 20 लाख मतांच्या आधीही होते.

आता या अंगठ्याचा धंदाही झाला आहे. "घरबसल्या व्हिडिओ लाईक करा, पैसे कमवा" असा निरोप येतो. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. विश्वास बसला की "मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा" म्हणतात. भरलेले पैसे काढायचे तर आणखी भरा म्हणतात, आणि शेवटी सगळेच बुडते. केळीच्या बागेत राबून जमवलेला पैसा असा घालवू नका. कामाची मजुरी मालक देतो; मजुराकडून आगाऊ रक्कम मागणारा मालक कधी पाहिला आहे का? फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

वस्तीतल्या पोराने भीमगीत म्हटले, पोरीने भाषण केले, तर त्यांना दाद अवश्य द्या. पण आधी शेवटपर्यंत ऐका. काय आवडले, कुठे चुकले, ते त्यांना भेटून सांगा. शंभर न ऐकलेल्या लाईकांपेक्षा तेवढ्या दोन शब्दांनी ते लेकरू पुढे जाईल.