क्षयाची लस आणि मूत्राशयाचा कर्करोग

आपल्यापैकीं पुष्कळांच्या डाव्या दंडावर एक लहानशी खूण असते. जन्मानंतर लवकरच टोंचलेल्या क्षयप्रतिबंधक लशीची ती खूण होय. बी. सी. जी. या नांवानें सर्वांस परिचित असलेली ही लस एका अगदीं निराळ्या व्याधीवरही गुणकारी ठरली आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. ती व्याधि म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग.

मूत्रपिंडांत तयार झालेलें मूत्र मूत्राशयांत कांहीं तास सांठून राहतें. या पिशवीस आंतून पेशींचें पातळ अस्तर असतें. पेशींनीं केव्हां वाढावें व केव्हां थांबावें, याची आज्ञा त्यांच्यांतील जनुकांत सांठविलेली असते. मूत्रांतून विषारी द्रव्यें वर्षानुवर्षें जात राहिलीं तर ती आज्ञा बिघडते. वाढीस आवर घालणारीं जनुकें निकामी होतात आणि गांठ उत्पन्न होते. इ. स. १८९५ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनीं रंगाच्या कारखान्यांतील कामगारांस हा रोग जडल्याचें दाखवून दिलें. त्याच जातीचीं द्रव्यें तंबाखूच्या धुरांतही असतात. म्हणूनच धूम्रपान हें या रोगाचें सर्वांत मोठें कारण होय.

येथें कोणी विचारील कीं, शरीराचे रक्षक म्हणून नांवाजलेल्या श्वेत पेशी त्या वेळीं काय करीत असतात? जंतु परका म्हणून ओळखूं येतो. कर्कपेशी मात्र घरचीच. शिवाय कित्येक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर असें एक प्रथिन असतें कीं, त्याचा स्पर्श होतांच रक्षक पेशी थंडावते. घरभेद्यास पहारेकरी अडवीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

या थंडावलेल्या पहारेकऱ्यांस चेतविण्याचें काम बी. सी. जी. करते. काल्मेत व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गाईच्या क्षयजंतूंची पुनःपुन्हा लागवड करून १३ वर्षांत त्यांचा मारकपणा घालविला, आणि १९२१ मध्यें ही लस प्रथम मनुष्यास देण्यांत आली. पुढें १९७६ मध्यें कॅनडांतील डॉ. आल्व्हारो मोरालेस यांनीं मूत्राशयाच्या नऊ रोग्यांवर तिचा उपयोग केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज या उपचारांत प्रथम गांठ शस्त्रक्रियेनें काढतात. नंतर बारीक नळीनें लस मूत्राशयांत सोडून सुमारें दोन तास राहूं देतात. असें आठवड्यांतून एकदां, सहा आठवडे करतात. ते दुर्बल जंतु अस्तरास चिकटतात, तेथील पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, आणि श्वेत पेशींच्या तुकड्या धांवून येऊन जंतूंबरोबर उरल्यासुरल्या कर्कपेशींचाही संहार करितात.

परंतु हा उपाय रोग अस्तरापुरता असेपर्यंतच चालतो. तो स्नायूंत शिरला म्हणजे पुष्कळदां सबंध मूत्राशयच काढून टाकावें लागतें. म्हणून पहिलें लक्षण ओळखणें महत्त्वाचें. तें लक्षण म्हणजे वेदना नसतां मूत्रांतून रक्त जाणें. तें एकदां दिसून पुढें कित्येक दिवस दिसतही नाहीं, आणि मनुष्य निर्धास्त होतो. रक्त दिसलें म्हणजे कर्करोगच झाला, असें नव्हे. मूतखडा किंवा जंतुदोष यांमुळेंही तें जातें. तथापि निर्णय डॉक्टरांनीं करावयाचा असतो, आपण नव्हे. लज्जेस्तव ही गोष्ट लपविणाऱ्या वडील मंडळींस आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें समजावून सांगितलें, तरी एखाद्या घरावरील मोठें संकट टळेल.