पिवळा धोत्रा ओळखा

हिवाळा सरता सरता वैनगंगेच्या काठाने व रस्त्यांच्या कडेने पिवळ्या फुलांचे एक काटेरी झाड जागोजागी दिसते. हाच पिवळा धोत्रा. आपल्याकडे हिंदीत यास सत्यानाशी म्हणतात. मूळचा तो मेक्सिकोकडचा. पाने निळसर हिरवी, शिरा पांढरट, कडांना काटे. देठ मोडताच पिवळा चीक येतो. हीच त्याची पक्की खूण.

काट्यांमुळे गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून आपणही दुर्लक्ष करतो. परंतु त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. ते मोहरीत मिसळून घाण्यात गेले, तर तेल विषारी होते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने ६० हून अधिक माणसे दगावली.

प्रथम उलट्या-जुलाब, मग दोन्ही पायांस सूज व धाप. पुढे हृदय व डोळेही बिघडतात. एकाच घरातील अनेकांस असे झाले, तर ते तेल तत्काळ बंद करावे, सर्वांस दवाखान्यात न्यावे व थोडे तेल तपासणीसाठी राखून ठेवावे.

आम्ही एवढेच सुचवितो : मोहरी घाण्यावर नेण्याआधी मूठभर दाणे तळहातावर नीट पाहावे. मोहरी गुळगुळीत, धोत्र्याचे बी खडबडीत व जाळीदार असते. बांधावरची झाडे बोंडे पिकण्यापूर्वीच, हातास जाड कापड गुंडाळून उपटावी. चीक डोळ्यांत कधीही घालू नये. एका दिवसाच्या या श्रमाने साऱ्या घराचे रक्षण होईल.