भांडखोर माशांची जोडी कशी जमते

मायडास सिक्लिड हा निकाराग्वातील तळ्यांमधला वीतभराहून मोठा होणारा मासा. अम्फिलोफस सिट्रिनेलस या नावाने १८६४ मध्ये आल्बर्ट ग्युंटर यांनी त्याचे वर्णन केले. या जातीचे बहुसंख्य मासे आयुष्यभर करडे, पट्टेदार राहतात. थोड्यांचा काळा रंग वाढत्या वयात उडून जातो आणि ते पिवळे-केशरी दिसू लागतात. मायडास राजाचे नाव त्यांना मिळाले ते या सोनेरी रंगामुळे. मत्स्यालयात हा मासा रंगासाठी जितका आवडतो, तितकाच तापटपणासाठी कुप्रसिद्ध आहे. पूर्ण वाढलेला एक नर आणि एक मादी आणून एका टाकीत सोडली, तर बहुधा जोडी जमत नाही. दोन दिवसांत फाटलेल्या परांची, खवले उडालेली मादी कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी लपलेली आढळते आणि वेळीच बाहेर काढली नाही तर मरते. म्हणून जाणकार मत्स्यपालक उलट्या बाजूने सुरुवात करतात. ते सहा-आठ लहान पिल्ले एकत्र वाढवतात आणि जोडीदार निवडण्याचे काम माशांवर सोपवतात.

हा तापटपणा निष्कारण नाही. अपोयो किंवा हिलोआसारख्या ज्वालामुखी विवरांतल्या तळ्यांमध्ये अंडी घालण्याजोग्या कपारी मोजक्याच असतात आणि त्यांच्यासाठी मोठी चढाओढ चालते. अंडी घातल्यावर नर आणि मादी दोघेही कित्येक आठवडे पहारा देतात, कारण जरा नजर हटली की शेजारचे मासे पिल्ले गिळून टाकतात. मवाळ जोडप्याच्या वाट्याला जागाही येत नाही आणि पिल्लेही टिकत नाहीत. म्हणजे जो स्वभाव आई-बाप म्हणून त्यांना समर्थ करतो, तोच जोडीदाराच्या जिवावर उठू शकतो. अनोळखी मादी नराला आधी आपल्या हद्दीत शिरलेला परका मासा म्हणूनच दिसते. तळ्यात ती पळून जाऊ शकते. टाकीत चारही बाजूंना काच असते.

पिल्ले तीन-चार सेंटिमीटरची आणि शक्यतो एकसारख्या आकाराची घेतली जातात. या वयात नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून संख्येला महत्त्व आहे. दोनच पिल्ले घेतली तर एक नर आणि एक मादी मिळण्याची शक्यता निम्मी. चार घेतली तर ती आठांत सात होते आणि सहा घेतली तर बत्तिसांत एकतीस. अर्थात नर आणि मादी हाताशी असणे वेगळे आणि त्यांचे एकमेकांशी पटणे वेगळे, त्यामुळे सहापेक्षा आठ बरी. सगळी एकाच विणीची असण्यापेक्षा दोन ठिकाणांहून आणलेली चांगली, नाहीतर पुढे भावंडांचीच जोडी लागते.

लिंगाच्या बाबतीत या माशाने शास्त्रज्ञांनाही चकवले आहे. १९९३ मध्ये रिचर्ड फ्रान्सिस आणि जॉर्ज बार्लो यांनी असा निष्कर्ष मांडला की, पिल्लांच्या घोळक्यात जी आकाराने पुढे जातात ती नर होतात आणि मागे राहिलेली मादी. पुढे रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी जननग्रंथींची वाढ तपासली, तेव्हा या मताला आधार मिळाला नाही. टाकीत नर मोठे दिसतात हे खरे, पण मोठे झाल्यामुळे ते नर होतात असे म्हणता येत नाही.

रंगाचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. बार्लो यांनी १९७३ मध्ये दाखवले की, सोनेरी आणि करडी पिल्ले एकत्र ठेवली तर सोनेरी पिल्ले वरचढ ठरतात आणि भराभर वाढतात. मिश्र घोळक्यात करड्या पिल्लांच्या तोंडी पुरेसे अन्न पडते की नाही, इकडे म्हणूनच लक्ष द्यावे लागते.

टाकी मोठी लागते. आठ माशांना चार-पाचशे लिटर पाणीही जास्त नाही. ओल्डफिल्ड यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, टाकी थोडीशी वाढवून मायडासच्या पिल्लांची भांडणे कमी झाली नाहीत. जागा खूप मोठी आणि अडथळ्यांनी भरलेली असेल तेव्हाच ती घटली. म्हणून दगड, कुंड्या, पाइपचे तुकडे असे रचतात की पळणारा मासा पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड होईल. पाणी २६ ते २८ अंश सेल्सियसला ठेवतात. खादाड मासे पाणी लवकर घाण करतात, त्यामुळे दर आठवड्याला त्यातले बरेचसे बदलावे लागते.

पिल्ले लहानपणापासूनच भांडतात, पण लहान तोंडांनी होणारी इजा लहान असते, आणि या पद्धतीचे मर्म इथेच आहे. आधी अंगाला अंग समांतर ठेवून पर ताणले जातात, मग शेपटीने पाण्याचा फटका, कल्ल्यांची झाकणे फुगवणे आणि शेवटी तोंडात तोंड धरून ढकलाढकली. दुबळा मासा पर मिटून बाजूला होतो. कोण कोणाला भारी हे सगळ्यांना ठाऊक झाले की तेच भांडण पुन्हा पुन्हा होत नाही. वयात येईपर्यंत प्रत्येक मासा इतरांना ओळखू लागलेला असतो. दोन अनोळखी प्रौढांकडे नेमकी हीच ओळख नसते.

वयात आल्यावर एके दिवशी दोन मासे एका कोपऱ्यात ठाण मांडलेले दिसतात. दोघे मिळून वाळू उकरतात, दगड चोखून साफ करतात आणि बाकीच्यांना दूर हाकलतात. अधूनमधून त्यांची आपसातही तोंडे जुंपतात. ही झटापट पाहून घाबरण्याचे कारण नाही. नर अंगावर आला तरी मादी पळत नाही, तोडीस तोड उत्तर देते आणि लगेच दोघे कामाला लागतात, तेव्हा जोडी पक्की समजावी. आता उरलेल्या माशांना लगेच हलवावे लागते, कारण ही जोडी त्यांना मारून टाकू शकते.

सगळेच परके एकदम नाहीसे केले तर मात्र वेगळेच संकट उभे राहते. हाकलायला कोणी उरले नाही की नर मादीवरच उलटतो. कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरच्या १९६३ च्या पुस्तकात सिक्लिडांचे हेच वर्तन वर्णिले आहे. ज्या जातींमध्ये ते दिसते त्यांत दक्षिण भारताच्या खाड्यांमधला छोटा पिवळा सिक्लिडही आहे, म्हणजे कोकण-गोव्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या काळुंदराचा भाऊबंद. लोरेन्झ यांनी दोन जोड्यांच्या मध्ये काच घातली होती. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले की नर मादीशी वाईट वागू लागे. काच पुसली की राग पुन्हा पलीकडे वळे. हाच उपाय आजही वापरतात आणि काचेपलीकडे दुसरा धट्टाकट्टा मासा ठेवतात. तेवढ्याने भागले नाही तर टाकीत जाळी बसवून तिला मादीपुरतेच भोक ठेवतात. मादी हवी तेव्हा नराकडे जाते, मोठ्या नराला मात्र तिच्या मागे जाता येत नाही.

अंडी दगडाला चिकटवली जातात. मादी परांनी त्यांच्यावर पाणी खेळते ठेवते, नर हद्दीवर फिरतो. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले आणखी पाचेक दिवस वाळूतल्या खड्ड्यात वळवळत राहतात आणि मग ढगासारखी आई-बापांभोवती पोहू लागतात. आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची नुकती उबवलेली पिल्ले हे त्यांचे अन्न. शिवाय ती आई-बापांच्या अंगावर धडकून तिथला बुळबुळीत थरही टिपून खातात, आणि एरवी कोणालाही जवळ येऊ न देणारे ते दोन मासे तेवढा वेळ स्थिर राहतात.