नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांतील साहित्याचा वर्ग : एक आकलन

प्रस्तावना :
साहित्याचे अध्यापन आणि चित्रपट दिग्दर्शन यांचे नाते मराठीला नवे नाही. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पाठ्यपुस्तककार असलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटास पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केलेल्या पु. ल. देशपांडे यांनी त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' दिग्दर्शित केला. या पिढीच्या दृष्टीने शिक्षण हे संस्काराचे विश्वसनीय साधन होते. साठ वर्षांनंतर मराठी साहित्याचाच एक विद्यार्थी चित्रपटाकडे वळला आणि त्याने हा विश्वास तपासून पाहिला. तो विद्यार्थी म्हणजे नागराज मंजुळे होय. त्यांच्या चित्रपटांतून साहित्याचा वर्ग कसा प्रकट होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :
सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील जेऊर हे मंजुळे यांचे गाव. दगडफोडीचा परंपरागत व्यवसाय असलेल्या वडार समाजात त्यांचा जन्म झाला. पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम. ए. केल्यानंतर त्यांनी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतले. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध आहे. 'पिस्तुल्या' या लघुपटासाठी ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना कथाबाह्य गटातील पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. म्हणजेच कविता हा त्यांच्या चित्रपटांचा पूर्वरंग आहे.

या पूर्वरंगामागे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची परंपरा उभी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु समाजाच्या नजरेतील शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लातूर परिसरातून आलेले लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथनांनी ती नजर मराठी वाचकासमोर उघडी केली. 'उपरा'मधील कैकाडी समाज 'फँड्री'त पडद्यावर आला, हा योगायोग नव्हे. ते त्या परंपरेचे पुढचे पाऊल आहे.

रोमा चित्रपटांशी तुलना :
या संदर्भात युरोपातील रोमा समाजाचा विचार उद्बोधक ठरतो. रोमानी भाषेचे मूळ भारतीय-आर्य भाषांत आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. रोमा वंशाचे फ्रेंच दिग्दर्शक टोनी गॅटलिफ यांचा 'लाचो द्रोम' (१९९३) राजस्थानातून सुरू होऊन संगीताच्या आधारे स्पेनपर्यंत जातो. त्यात रस्ता हेच समाजाचे घर आहे. मंजुळे यांच्या चित्रपटांतील कुटुंबांची भटकंती मात्र थांबलेली आहे. ती गावात राहतात, परंतु गावाची होत नाहीत. म्हणून त्यांच्या कथेचा संघर्ष रस्त्यावर नव्हे, तर गावातल्या शाळेच्या आसपास घडतो.

चित्रपटांतील वर्ग :
१) 'फँड्री' (२०१३) : कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. या चित्रपटास ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकीय पदार्पणाचा, तर जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यास बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. जब्याच्या वर्गात चोखामेळ्यांचा अभंग शिकविला जातो. बाह्य रूपावरून अंतरंगाची पारख करू नये, हा त्याचा आशय. तो ऐकणारी मुले पुढे शाळेजवळ डुक्कर पकडणाऱ्या जब्याच्या कुटुंबाला हसतात. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जब्या स्तब्ध उभा राहतो आणि हाती आलेले डुक्कर निसटते. डुक्कर खांद्यावर वाहून नेणारे कुटुंब डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून जाते. शाळेने शिकविलेले जब्या पाळतो. शाळेभोवतीचा समाज मात्र पाळत नाही. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड याच विसंगतीला दिलेले उत्तर आहे.

२) 'पावसाचा निबंध' : या लघुपटासाठी मंजुळे यांना ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य गटातील उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेने पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि मुलाचे घर गळते आहे. निबंधातला पाऊस सुंदर असावा, असा संकेत आहे. ज्या मुलाला पावसाचा सर्वाधिक अनुभव आहे, त्यालाच त्या संकेतात जागा नाही. भाषाविषयाच्या मूल्यमापनावर यापेक्षा नेमके भाष्य क्वचितच झाले असेल.

३) 'सैराट' (२०१६) : या चित्रपटाच्या विक्रमी यशात एक प्रसंग दुर्लक्षित राहिला. दलित साहित्य शिकविणारे लोखंडे सर भर वर्गात भ्रमणध्वनीवर बोलणाऱ्या प्रिन्सला हटकतात आणि प्रिन्स त्यांच्या थोबाडीत मारतो. तो राजकीय पुढाऱ्याचा मुलगा आहे. सरांच्या हाती केवळ विषय आहे. विद्रोहाची कविता अभ्यासक्रमात आली, पण ती शिकविणाऱ्याची प्रतिष्ठा सुरक्षित झाली नाही. अखेरच्या हत्येची पूर्वसूचना या थपडेतच आहे.

४) 'झुंड' (२०२२) : नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर हा चित्रपट आधारित आहे. येथे महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये भिंत आहे. साहित्याच्या वर्गाची जागा मैदानाने घेतली आहे आणि शिक्षक स्वतः भिंतीपलीकडच्या मुलांकडे जातो. आधीच्या तीन वर्गांत जे घडले नाही, ते येथे घडते.

निष्कर्ष :
मंजुळे यांच्या चित्रपटांत साहित्य चुकीचे शिकविले जात नाही. अभंग योग्य आहे, कविताही योग्य आहे. उणीव आहे ती पाठ आणि परिसर यांच्यातील अंतरात. वर्गात मान्य झालेले मूल्य वर्गाबाहेर कोणी पाळायचे, हा प्रश्न ते अध्यापकासमोर ठेवतात.

नायगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी भटक्या-विमुक्त समाजातील विद्यार्थी पदवी वर्गात बसतो, तेव्हा हा प्रश्न चित्रपटापुरता उरत नाही. 'उपरा' किंवा 'उचल्या' शिकविताना त्या जीवनाचा साक्षीदार समोरच्या बाकावर असू शकतो. आत्मकथनांचे अध्यापन केवळ वाङ्मयप्रकार आणि भाषाविशेष यांच्या टिपणांवर थांबले, तर त्या विद्यार्थ्याला आपलेच जीवन परक्याच्या शब्दांत परीक्षेत लिहावे लागते. त्याला स्वतःच्या बोलीत आणि स्वतःच्या अनुभवाने उत्तर लिहिण्याची मुभा मिळणे आणि त्या उत्तराला योग्य गुण मिळणे, ही साहित्याच्या वर्गाची पहिली कसोटी ठरते.