कुंडीतलं निसर्गदृश्य: चीनचं पेनजिंग

बोन्साय म्हटलं की जपान आठवतो, पण ही कला आधी रुजली चीनमध्ये. तिथे तिला पेनजिंग म्हणतात. शिआनजवळ तांग राजपुत्र झांगहुआईच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात एक सेवक तबकातून इवली झाडं आणि दगड घेऊन चाललेला दिसतो. थडगं इ.स. 706 चं!

पेनजिंगमध्ये झाडासोबत खडक, पाणी, कधी चिमुकली होडीही मांडतात.

पेनजिंगच्या घराण्यांमधला फरक तर फारच देखणा. यांगझोऊचे कारागीर पामच्या तंतूंनी फांद्या बांधून पालवीचे ढगासारखे सपाट थर करतात. ग्वांगझोऊच्या लिंगनान घराण्याची सगळी भिस्त कात्रीवर. फांदी पुरेशी जाड झाली की छाटायची, मग हव्या त्या दिशेचा फुटवा राखून वाढवायचा, पुन्हा छाटायचा. प्रत्येक छाटणीला फांदी वळते, बारीक होत जाते. यात कित्येक वर्षं जातात. पानगळीनंतर हे झाड आवर्जून पाहावं, सगळी वळणं उघडी पडतात.

ही कला चीनबाहेरही पोचली: हाँगकाँगचे पेनजिंग कलावंत वू यी-सुन यांनी 1986 मध्ये आपली काही झाडं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला भेट दिली.